क्विटोत तीन दिवस, बरोबर आई-बाबा: काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ऑक्टोबरच्या शेवटी आई-बाबांना घेऊन गॅलापागोस बेटांवर चाललाय, त्याच्या आधी इक्वेडोरच्या राजधानीत, क्विटोत, तीन दिवस हातात आहेत, दोघंही पासष्टीच्या आसपास, बाबांना बीपीची गोळी चालू आहे, खाणं शुद्ध शाकाहारी (अंडंही नाही), आणि एजंटने दिलेल्या प्लॅनमध्ये पहिल्याच दिवशी सकाळी केबल कार, दुपारी इक्वेटर (विषुववृत्ताचं स्मारक), संध्याकाळी ओल्ड टाउन असं आहे, तर हे जमेल का. ठिकाणं सगळी बरोबर निवडलीयत, पण क्रम पार उलटा आहे. आणि क्विटोत क्रमच सगळं ठरवतो. मी साउथ अमेरिकेत आपल्याकडचे ग्रुप घेऊन जाते, त्यात निम्मे लोक साठीच्या पुढचेच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उंची. क्विटोचा मुख्य चौक समुद्रसपाटीपासून साधारण २८५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. आणि एजंटने पहिल्या सकाळी ठेवलेली ती केबल कार, टेलेफेरिको, तुम्हाला साधारण ३९५० मीटरवर नेऊन सोडते, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवून वर आणखी साडेसहाशे मीटर. मुंबईहून निघालेला माणूस, दीड दिवसाचा विमानप्रवास, झोप नाही, पाणी धड प्यायलेला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे! मग डोकं दुखतं, मळमळतं, आणि नंतरचे दोन दिवस हॉटेलच्या खोलीत जातात. ट्रिप वाया जाते ती अशी, आणि लोक म्हणतात आम्हाला क्विटो काही आवडलं नाही.

दुसरी गोष्ट घड्याळ. विषुववृत्ताला अगदी लागून असल्यामुळे बाराही महिने सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो, आणि मावळला की रेंगाळत नाही, पंधरा-वीस मिनिटांत मिट्ट काळोख. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे पावसाचे महिने, त्यामुळे सकाळी लख्ख ऊन, अकरा-बारापर्यंत ढग चढायला लागतात, दोन-तीनला धो धो सर आणि संध्याकाळी स्वेटर. म्हणजे उघड्यावरचं, डोंगरावरचं जे काही असेल ते सकाळी, आणि म्युझियम, चर्च असं छपराखालचं दुपारी. हे दोन नियम पाळले की प्लॅन आपोआप तयार होतो: पहिला दिवस गावात, दुसरा दिवस इक्वेटरला (ते गावापेक्षा खाली आहे, साधारण २४०० मीटर, शरीराला तेवढाच आराम), आणि सगळ्यात उंच जे काही आहे ते तिसऱ्या दिवशी सकाळी.

औषधांचं एकदाच सांगते. बाबांच्या डॉक्टरांना निघायच्या आधी भेटा आणि उंचीचा आकडा सांगून विचारा, नुसतं "साउथ अमेरिकेला चाललोय" म्हणून उपयोग नाही. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स बरेच जण घेतात, पण ती सल्फा गटातली गोळी आहे आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर लघवीचं प्रमाण फार वाढू शकतं, त्यामुळे दुसऱ्याचं बघून आपण सुरू करायची नाही. बाकी पहिल्या दिवशी हळू चालणं, भरपूर पाणी, रात्री हलकं जेवण. आणि ऊन! हवेत गारवा असतो म्हणून लोकांना कळत नाही, पण या उंचीवर, तेही विषुववृत्ताच्या सूर्याखाली, अर्ध्या तासात नाक सोलवटतं. टोपी आणि सनस्क्रीन दोघांनाही, "आम्हाला नाही लागत" हे चालवून घ्यायचं नाही.

उतरायचं कुठे? ओल्ड टाउनमधली जुनी वाड्यासारखी हॉटेलं फार सुंदर आहेत, मधे चौक, वर लाकडी गॅलऱ्या, पण बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही, आणि रात्री आठनंतर त्या भागातले रस्ते सुनसान होतात. आई-बाबा बरोबर असताना मी ला फ्लोरेस्ता किंवा ला कारोलिना पार्कच्या बाजूला उतरते. ला मारिस्काल नावाचा भाग जुन्या ब्लॉगमध्ये "टूरिस्टांचा अड्डा" म्हणून सापडेल, तो आता टाळा. कारोलिनाला राहण्याचा अजून एक फायदा म्हणजे मेट्रो. डिसेंबर २०२३ पासून क्विटोत मेट्रो धावतेय, एकच लाईन, १५ स्टेशनं, तिकीट ४५ सेंट, स्वच्छ, आणि ती ओल्ड टाउनमध्ये थेट सान फ्रान्सिस्को चौकाच्या खाली उतरवते. या गावातल्या ट्रॅफिकमध्ये टॅक्सीने जो रस्ता पाऊण तास खातो तो मेट्रोत पंधरा-वीस मिनिटांत होतो. पर्स पुढे, मोबाईल आत, एवढं दादर स्टेशनला करतो तेवढं करायचं.

पहिला दिवस, गाव

सान फ्रान्सिस्को चौकात वर आलात की समोर पांढरं लांबलचक चर्च आणि मठ दिसेल. स्पॅनिश लोकांनी ६ डिसेंबर १५३४ ला हे शहर वसवलं (त्याआधी इंकांचा सरदार रुमिन्याउई याने जुनं क्विटो जाळून टाकलं होतं, शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून) आणि त्यानंतर थोड्याच काळात या मठाचं काम सुरू झालं. इथली कान्तुन्याची गोष्ट प्रत्येक गाईड सांगतो: कान्तुन्या नावाच्या स्थानिक कारागिराने चर्चपुढचं पटांगण मुदतीत बांधायचा ठेका घेतला, काम होईना, तेव्हा सैतानाशी करार केला की पहाटेपर्यंत शेवटचा दगड बसला तर माझा आत्मा तुझा. सैतानाच्या पोरांनी रात्रभर काम केलं, पण एक दगड कान्तुन्याने लपवून ठेवला, आणि करार फसला. ती रिकामी राहिलेली दगडाची जागा कुठली यावर गाईडांची आपापसात एकी नाही, प्रत्येकाची जागा वेगळी.

तिथून दोन मिनिटांवर ला कोंपान्यिया, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचं चर्च. क्विटोत एकच चर्च आतून बघायचं असेल तर हे. काम सुरू झालं १६०५ ला, पूर्ण झालं १७६५ ला, आणि दोनच वर्षांत, १७६७ मध्ये, स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या सगळ्या साम्राज्यातून हाकलून दिलं! एकशे साठ वर्षं बांधलं आणि धड नांदायलाही मिळालं नाही. बाहेर ज्वालामुखीचा करडा दगड आणि पिळाचे खांब, आत गेलात की भिंतीपासून छतापर्यंत सोन्याचा वर्ख. पण नुसतं सोनं बघून "वा वा" करून बाहेर येऊ नका, खांबांवरची भौमितिक नक्षी बघा, ती स्पेनमधल्या मुसलमानी कारागिरीतून आलेली आहे, छतावरही तीच. आणि दाराजवळ नरकाचं एक मोठ्ठं चित्र आहे (मूळ चित्रकार एक जेझुइट ब्रदर, आत्ता आहे ती १८७९ ची प्रत), त्यात प्रत्येक पाप्याला त्याच्या पापाप्रमाणे शिक्षा चाललीय आणि शेजारी पापाचं नाव लिहिलंय. गाईडला एकेक वाचून दाखवायला सांगा, आपल्याकडच्या लोकांना हे चित्र सोन्यापेक्षा जास्त लक्षात राहतं असा माझा अनुभव आहे.

मग प्लाझा ग्रान्दे. इथे मी मुद्दाम अर्धा तास काहीच ठरवत नाही, बाकावर बसायचं. रिटायर्ड आजोबा पेपर वाचतायत, बूटपॉलिशवाले फिरतायत, समोर राष्ट्राध्यक्षांचा कारोन्देलेत राजवाडा आणि गंमत म्हणजे त्याच राजवाड्याच्या तळमजल्याला, रस्त्याच्या बाजूला, छोटी छोटी दुकानं आहेत. याच राजवाड्याच्या दारात ६ ऑगस्ट १८७५ ला राष्ट्राध्यक्ष गार्सिया मोरेनो यांना भर दिवसा कोयत्याने तोडलं होतं. मधला उंच स्तंभ १८०९ च्या स्वातंत्र्याच्या पहिल्या उठावाचा, त्याच्या पायथ्याशी शेपूट घालून निघालेला जखमी सिंह म्हणजे स्पेन. कॅथेड्रलमध्ये मारिस्काल सुक्रेची समाधी आहे, ज्याने २४ मे १८२२ ला गावाच्या मागच्याच डोंगराच्या उतारावर लढाई जिंकून हा देश सोडवला, विमानतळालाही त्याचंच नाव आहे. आणि कॅथेड्रलच्या बाहेरच्या भिंतीवर कोरलंय की ॲमेझॉन नदीचा शोध हे क्विटोचं वैभव, कारण ओरेयाना हा स्पॅनिश सरदार ज्या मोहिमेतून पुढे ॲमेझॉनच्या मुखापर्यंत गेला ती १५४१ मध्ये इथूनच निघाली होती. ॲमेझॉनच्या काठी राहणाऱ्यांना ती आधीपासून माहीत होती हे अर्थात भिंतीवर लिहिलेलं नाही.

दुपारी पाऊस आला की म्युझियम. दोन पर्याय, दोन्ही चालत जाण्यासारखे. कासा देल आलाबादो हे कोलंबसपूर्व मातीच्या आणि दगडाच्या वस्तूंचं छोटं, फार नेटकं म्युझियम आहे, मला स्वतःला ते सगळ्यात आवडतं. दुसरं म्युझेओ दे ला सिउदाद, १५६५ मध्ये सुरू झालेल्या जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत. त्याच्या समोरच कार्मेन आल्तोचा मठ आहे, तिथल्या नन्स बाहेरच्या माणसाला दिसत नाहीत, भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट असतं, आपण पैसे ठेवायचे, कपाट फिरतं, आणि मध, बिस्किटं, मिठाई आपल्या बाजूला येते. आईंना हे करायला लावा.

चारच्या सुमारास परत फिरा. पहिल्या दिवशी एवढंच. चढ दिसला की टॅक्सी, त्यात कमीपणा नाही, ओल्ड टाउनमधले काही रस्ते इतके उभे आहेत की तिथल्या पोरांनाही दम लागतो.

दुसरा दिवस, इक्वेटर

सकाळी आठला निघा, गावाच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटर. एकट्याने जायचं तर बस आहे, पण तुम्ही चौघं-पाच जण असाल तर अर्ध्या दिवसासाठी गाडी करा, कारण आधी पुलुलाउआला जायचंय आणि तिथे बसने वेळ जातो. पुलुलाउआ म्हणजे झोपलेल्या ज्वालामुखीचं तोंड, त्याच्या आत सपाट जमीन, शेतं, घरं, माणसं राहतात. वरच्या व्ह्यूपॉइंटवरून सगळं एका नजरेत दिसतं, पण सकाळीच, दुपारनंतर खालून धुकं चढतं आणि मग तुम्ही पांढऱ्या भिंतीचे फोटो काढता. बहुतेक टूर आधी इक्वेटरचा मनोरा करतात आणि बारा वाजता इथे येतात. उलट करा.

मग मिताद देल मुंदो, म्हणजे इक्वेटरचं स्मारक. तीस मीटर उंच दगडी मनोरा, वर पृथ्वीचा गोल, खाली पिवळी रेघ आणि रेघेवर दोन पाय दोन गोलार्धांत ठेवून फोटोसाठी लाईन. आता तुम्ही आधीच ऐकलं असेल, ती रेघ खरी नाही, आजच्या जीपीएसप्रमाणे खरं विषुववृत्त साधारण २४० मीटर उत्तरेला आहे. यावरून लोक लगेच "फ्रेंचांनी चूक केली" म्हणतात, आणि काही गाईडसुद्धा तेच सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. १७३६ मध्ये जी फ्रेंच शास्त्रज्ञांची मोहीम इथे आली, ला कोंदामीन, बुगेर, गोदँ आणि बरोबर दोन तरुण स्पॅनिश अधिकारी, ती रेघ आखायला आलीच नव्हती. त्यांना उत्तर-दक्षिण रेखावृत्तावरचा साधारण तीन अंशांचा तुकडा मोजायचा होता, क्विटोपासून दक्षिणेला कुएंकापर्यंत, म्हणजे एक अंश इथे किती लांब भरतो आणि दूर उत्तरेला, ध्रुवाच्या बाजूला, किती हे ताडून बघायचं, आणि पृथ्वी न्यूटन म्हणतो तशी मधे फुगीर आहे का ते ठरवायचं. डोंगरावर थंडीत, धुक्यात महिनोन्महिने काढून त्यांनी ते मोजलं आणि न्यूटन बरोबर निघाला. पुढे १८०२ पासून लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारत मोजायला मद्रासकडून जे मोजमाप सुरू केलं तो याच जातीचा उद्योग. आणि ज्यावर सगळी त्रिकोणं उभी केली ती त्यांची पहिली मोजलेली सरळ रेषा यारुकीच्या पठारावर होती, म्हणजे तुमचं विमान जिथे उतरेल त्या विमानतळाच्या अगदी शेजारी. आत्ताचा मनोरा १९८२ चा, त्याच्या जागी आधी १९३६ मध्ये, मोहिमेला दोनशे वर्षं झाली म्हणून बांधलेला छोटा होता. त्यामुळे २४० मीटरचं बिल फ्रेंचांच्या नावावर फाडू नका.

याच ला कोंदामीनने दक्षिणेला लोहाच्या बाजूला सिंकोनाचं झाड, ज्याच्या सालीतून क्विनाईन मिळतं, नीट बघून त्याचं वर्णन पॅरिसला पाठवलं होतं. पुढे १८६० मध्ये रिचर्ड स्प्रूस नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाने इक्वेडोरमधून सिंकोनाचं बी आणि रोपं गोळा केली आणि ती आपल्या निलगिरीत, उटीला पोचली. असो, विषयांतर झालं.

मनोऱ्याच्या शेजारी इन्तिन्यान नावाचं छोटं खाजगी म्युझियम आहे, तिथे जा, मजा येते, पण डोळे उघडे ठेवून. तिथे बेसिनमध्ये पाणी सोडून दाखवतात, रेघेच्या या बाजूला डावीकडे फिरतं, त्या बाजूला उजवीकडे. दोन मीटर सरकल्याने असं काही होत नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम विषुववृत्ताजवळ जवळपास शून्यच असतो, पाणी फिरतं ते त्यांनी ते कुठल्या बाजूने ओतलं त्यावर, पुढच्या वेळी भांड्याकडे नाही, ओतणाऱ्याच्या हाताकडे बघा. खिळ्यावर अंडंही उभं राहतं ते हाताच्या सवयीने, ते तुमच्या ओट्यावरही राहील. खरी बघण्यासारखी गोष्ट सूर्य आहे. आपल्याकडे शून्य सावलीचे दिवस मे आणि जुलैमध्ये येतात, इथे ते मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी. तुम्ही ऑक्टोबरच्या शेवटी जाताय म्हणजे सूर्य दक्षिणेला सरकलेला असेल, तरी दुपारी बाराची सावली पायापाशी आखूडच. बाबांना सावली मोजायला आवडेल तर मोजू द्या, घाई करू नका.

दीडपर्यंत परत गावात, जेवण, आणि दुपारी ग्वायासामीनचं घर आणि शेजारचं कापिया देल ओम्ब्रे, म्हणजे त्याच्या चित्रांचं म्युझियम. ओसवाल्दो ग्वायासामीन (१९१९–१९९९) हा इक्वेडोरचा सगळ्यात मोठा चित्रकार, क्विटोचाच, गरीब घरातला. कापियाची इमारत तो गेल्यावर २००२ मध्ये पूर्ण झाली. मोठाले हात, रडणारे चेहरे, हाडं. आदिवासींचे, खाणीतल्या मजुरांचे, युद्धातल्या आयांचे हाल. हलकंफुलकं नाही, आधीच सांगते, एका काकूंनी मला बाहेर येऊन विचारलं होतं की सुट्टीवर हे कशाला बघायचं. पण पहिल्या दिवशी चर्चमधलं सोनं बघितलं, तर ते सोनं खणलं कोणी याचं उत्तर या भिंतींवर आहे, त्यामुळे मी हे वगळत नाही. घराच्या बागेत एका पाइनच्या झाडाखाली त्याची राख पुरलीय, तिथून खालचं सगळं शहर दिसतं.

तिसरा दिवस, उंचावर

आता टेलेफेरिको. सकाळी आकाश बघा, मागचा पिचिंचा डोंगर स्वच्छ दिसत असेल तरच निघा आणि पहिल्या गाड्यांपैकी एक पकडा. खालचं स्टेशन साधारण ३१०० मीटर, वीसेक मिनिटांत वर. तिथे सपाट वाट आहे, पंधरा मिनिटं हळूहळू चाला, बसा, फोटो, झोपाळा. आकाश मोकळं असेल तर कोतोपाक्सी (५८९७ मीटर) बर्फाच्या शंकूसारखा दिसतो आणि उत्तरेला कायाम्बे, ज्याच्या उतारावरून विषुववृत्त जातं. वरून रुकू पिचिंचाच्या शिखराची वाट निघते, जवळपास ४७०० मीटर, ती तरुणांसाठी, तुमच्यासाठी नाही, आणि एकटं तर कोणीच जाऊ नये. तासाभरात खाली या. वर असताना कोणाचं डोकं ठणकायला लागलं, उलटीसारखं वाटलं, तर "थांबू थोडं, बरं वाटेल" असं करायचं नाही, तडक पुढच्या गाडीने खाली, उंची कमी करणं हाच खरा इलाज. ढग असतील तर सरळ रद्द करा, ढगात जाऊन काही दिसत नाही आणि तिकीट काही स्वस्त नाही.

उतरल्यावर बासिलिका, म्हणजे गावातलं उंच मनोऱ्यांचं मोठं चर्च. ही नवीन आहे, पहिला दगड १८९२ चा, औपचारिक उद्घाटन १९८८ मध्ये, आणि गावात म्हणतात की हिचं काम पूर्ण झालं की जगाचा अंत होईल, म्हणून कुठेतरी काहीतरी अर्धवट ठेवलेलंच असतं. युरोपातल्या अशा चर्चना पावसाचं पाणी ओतायला राक्षसांची तोंडं असतात, इथे त्यांच्या जागी इक्वेडोरचे प्राणी आहेत, आर्मडिलो, इग्वाना, कासवं. गॅलापागोसला जायच्या आधी सगळ्यांची ओळख इथेच करून घ्या. मनोऱ्यावर चढता येतं पण वरचा टप्पा अगदी उभ्या लोखंडी शिड्यांचा आहे, एका ठिकाणी छताच्या वरून लाकडी फळ्यांवरून जावं लागतं. तुम्ही जा, आई-बाबांना खाली रंगीत काचा बघत बसू द्या, खालूनही छान आहे.

एल पानेसियो ही गावाच्या मधोमध असलेली टेकडी, वर पंख असलेल्या मेरीचा ॲल्युमिनियमचा प्रचंड पुतळा, सत्तरच्या दशकातला, सुमारे सात हजार तुकडे जोडून केलेला. तो खरं तर बेर्नार्दो दे लेगार्दा याच्या १७३४ च्या छोट्याशा लाकडी मूर्तीची मोठी आवृत्ती आहे, आणि मूळ मूर्ती सान फ्रान्सिस्को चर्चमध्ये आहे, जी मला कितीतरी जास्त जिवंत वाटते, नाचत असल्यासारखी. वर टॅक्सीने जा, तीच टॅक्सी थांबवून ठेवा, तिनेच खाली या. पायऱ्यांनी चालत चढू नका, दिवसासुद्धा, तिथे लुटालूट होते.

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर, जानेवारी २०२४ मध्ये इक्वेडोरच्या सरकारने टोळ्यांविरुद्ध अंतर्गत सशस्त्र संघर्ष जाहीर केला होता, त्या बातम्या बघून घरचे घाबरले असतील. त्रास मुख्यतः किनाऱ्यावरच्या भागात, ग्वायाकिल वगैरे बाजूला. क्विटोत टूरिस्टला मुख्य धोका पाकीटमाराचा. अंगावर काहीतरी सांडल्याचं दाखवून "अरेरे, पुसून देतो" म्हणत कोणी जवळ आलं की थांबायचंच नाही. अंधारानंतर टॅक्सी फक्त ॲपवरून किंवा हॉटेलने बोलावलेली. निघायच्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयाची सूचना एकदा बघून घ्या.

खाणं

हा खरा प्रश्न, आणि उत्तर लोकांना वाटतं तेवढं वाईट नाही. अँडीजचं जेवण म्हणजे बटाटा, मका, शेंगदाणा, चीज. लोक्रो दे पापा हे बटाट्याचं घट्ट सूप, वर चीज आणि अवोकाडो, पण आधी विचारायचं की कोंबडीच्या पाण्यात केलंय का. आणि यागुआर्लोक्रो नावाचं भावंड दिसलं तर लांब राहा, त्यात मेंढ्याचं रक्त आणि आतडी असतात, मेनूत दोन्ही शेजारी लिहिलेले असतात. यापिंगाचो म्हणजे चीज भरलेले बटाट्याचे पॅटिस, शेंगदाण्याच्या पातळ सॉसबरोबर. ताटात अंडं आणि सॉसेज आपोआप येतं, आधीच नको सांगा, आणि डुकराच्या चरबीत तळलेत का तेही. मेनेस्त्रा हे मसुराचं किंवा घेवड्याचं घट्ट कालवण, भात आणि तळलेल्या कच्च्या केळ्याबरोबर, बाबांचं पोट यानेच भरेल. रस्त्यावर चोचोस मिळतं, भिजवून शिजवलेलं पांढरं कडधान्य, वर कांदा, टोमॅटो, लिंबू, भाजलेला मका, एकदम चटपटीत. भाजलेली पिकी केळी चीज घालून, मक्याचं कणीस चीजबरोबर, हे सगळं चालतं. उमिता मक्याच्या पानात वाफवलेली, दिसते शाकाहारी पण बऱ्याचदा अंडं असतं. एस्पुमिया आइस्क्रीमसारखं दिसतं, ते अंड्याच्या पांढऱ्याचा फेस आहे. खरं आइस्क्रीम हवं तर तांब्याच्या परातीत हाताने फिरवून केलेलं फळांचं घ्या, ओल्ड टाउनमध्ये १८५८ पासूनचं एक दुकान आहे, सान आगुस्तिन नावाचं. तिखट लागतंच, ते प्रत्येक टेबलावर आही म्हणून वाटीत असतं.

नुसतं "वेजिटेरियन" म्हटलंत तर चिकन येऊ शकतं. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन उएवो" असं चारही म्हणायचं, कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून ठेवलेलं सगळ्यात बरं.

घरून पोहे-उपम्याची पाकिटं नेणार असाल तर लक्षात घ्या, त्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे "तीन मिनिटं झाकून ठेवा" लिहिलेलं आठ मिनिटं ठेवा, आणि चहाही जरा जास्त उकळा. शिवाय वीज ११०-१२० व्होल्ट, अमेरिकन पिना. आपली इलेक्ट्रिक किटली तिथे कोमटच करते, हॉटेलची मागा.

तुमच्या तारखा २ नोव्हेंबरच्या जवळ आहेत हे नशीब. त्यांच्याकडे तो मृतात्म्यांचा दिवस, आणि त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे बेकऱ्यांमध्ये कोलादा मोरादा मिळतं, काळ्या मक्याचं पीठ, रानटी बेरी, अननस, दालचिनी, लवंग घालून केलेलं गरम जांभळं पेय, बरोबर बाळाच्या आकाराचा पाव. पेय नक्की प्या, पावात अंडं असू शकतं.

पैसे, विसा, आणि निघताना

चलन २००० सालापासून अमेरिकन डॉलर. पन्नास-शंभरच्या नोटा कोणी घेत नाही, मुंबईहूनच पाच, दहा, वीसच्या न्या. बिलावर १५ टक्के कर आणि बऱ्याच हॉटेलांत १० टक्के सर्व्हिस वेगळी. सुट्टे म्हणून इक्वेडोरची स्वतःची नाणी हातात येतील, ती देशाबाहेर चालत नाहीत, मेट्रोत आणि चहात संपवा. विसा लागतो. २०१९ पर्यंत भारतीयांना लागत नव्हता, म्हणून जुने ट्रॅव्हल ब्लॉग वाचून निश्चिंत राहू नका, दिल्लीच्या दूतावासाकडून आत्ताचा नियम घ्या. तिकीट अमेरिकेवरून असेल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा विसा लागतो, तो आई-बाबांकडे नसेल तर युरोपवरून जा.

गॅलापागोसच्या दिवशी विमानतळाला निघायला घाई करू नका म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. विमानतळ २०१३ पासून गावाबाहेर ताबाबेलाला आहे, पाऊण तास ते सव्वा तास, टॅक्सीचे पंचवीस-तीस डॉलर, आणि गॅलापागोसच्या प्रवाशांना चेक-इनच्या आधी दोन वेगळ्या रांगा लागतात: एक वीस डॉलरच्या ट्रान्झिट कार्डाची आणि दुसरी सामान तपासणीची, जिथे ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं काढून घेतात, म्हणजे आईंची बडीशेप-ओव्याची डबी हॅंडबॅगेत तळाशी न ठेवता आधीच दाखवा किंवा क्विटोतच सोडा. बेटावर उतरल्यावर पार्कची फी ऑगस्ट २०२४ पासून परदेशी माणसाला २०० डॉलर झालीय, रोख लागते, ती रक्कम क्विटोत खर्च होणार नाही अशा वेगळ्या पाकिटात ठेवा.